अनुभव धागा: पोरांना दाखवलेले ठसे, लेंड्या आणि काटे

कळंब्याची काकू:
काल माळा आवरताना लेकाची चौथीतली कंपासपेटी सापडली. आत साळिंदराचा काटा! वीतभर, काळे-पांढरे पट्टे. पन्हाळ्याच्या पायथ्याला भावाच्या रानात बांधाकडंला मिळालेला. पोरगं तासभर बीळ हुडकत बसलं होतं. साळिंदर काय दिसलं नाही, पण महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. फोटो पाठवला तर आता पुण्यातनं म्हणतोय, "आई, टाकू नको." तुम्ही काय काय दाखवलंय पोरांना? लिहा.

गंगावेशीतली:
अगं बाई, साळिंदराचा काटा घरात ठेवला की भांडणं होतात म्हणं! आमच्या सासूबाईंनी उंबऱ्यातनंच परत पाठवलेला.

कळंब्याची काकू:
काटा माळ्यावर होता, भांडणं खालीच व्हायची 😄

नाद खुळा:
दाजीपूर. लेकीला गवा बघायचा होता. अभयारण्य 1958 पासनं गव्यांसाठी नावाजलेलं, आणि आमच्या वाट्याला शेणाचा पो. "पप्पा, हे तर आपल्या म्हशीचं!" दिसतंय तसंच, खरं सांगू? मग वाटाड्यानं चिखलातला खूर दाखवला. तिनं त्यात आपलं पाऊल ठेवून बघितलं अन् गप्पच झाली. शाळेत निबंध: 'मी पाहिलेले शेण'. बाईंनी दहापैकी आठ दिले.

भुदरगडचा पावणा:
आमच्यात फडात ठसा दिसला की गावभर बिबट्या. बोटं कुत्र्याचीबी चार, बिबट्याचीबी चारच. पण नखांच्या टोचण्या दिसल्या तर बहुतेक कुत्रं, मांजराच्या जातीतलं जनावर चालताना नखं आत घेतंय. पोरास्नी पटंना, म्हणून घरच्या मनीला परातीतल्या ओल्या पिठावरनं चालवली. ठसे झ्याक आले. पीठ गेलं, मनी दोन दिवस गायब, आणि मंडळी अजून बोलत्यात. खरा ताजा ठसा दिसला तर मात्र पोरं घेऊन गुमान मागं फिरायचं, उगं शोध घेत बसायचं न्हाई.

गंगावेशीतली:
मनी आली का परत?

भुदरगडचा पावणा:
आली की. दूध पिऊन परत गेली.

आजऱ्याची लेक:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. माहेरी कौलांवर रात्री धडधड व्हायची, आजी म्हणायची भूत. सकाळी पायरीवर नुसत्या बियांनी भरलेली विष्ठा. भाच्यांनी काडीनं उसकटली (हातानं नाही हं, जंत असतात, नंतर साबणानं हात), पेरूच्या बिया निघाल्या. भूत म्हणजे उदमांजर! आजीला सांगितलं तर म्हणे, "मग भुतानं पेरू खाऊ नयेत व्हय?"

शेंडापार्क:
झाडावरचा पाल्या-काटक्यांचा गोळा म्हणजे कावळ्याचं घरटं असं चाळीस वर्षं समजत होतो. राधानगरीला नातवानं सांगितलं, आजोबा, शेकरूचं आहे. शिकवणी उलटी झाली.

नाद खुळा:
'कोल्हा काकडीला राजी' कुणी म्हटलं? आमच्यात उसाला राजी. बुडातनं चावलेली कांडी पोरांना दाखवतो.

गंगावेशीतली:
उसावरनं आठवलं, गुऱ्हाळ लागलं काय तुमच्याकडं? काकवी पाहिजे होती.

नाद खुळा:
पुढच्या आठवड्यात लागंल. डबा घेऊन या, बाटलीत पडत न्हाई ती.

कळंब्याची काकू:
माझाबी एक किलो धरा.