‘माऊस’वर बंदी कुठे आली, म्हणे!

निळी_शाई
माऊस म्हणजे आर्ट स्पिगलमनची कॉमिक, होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या त्याच्या आईबापाची गोष्ट. तिच्याबद्दल कालच्या पोस्टमधलं एक वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. ‘अमेरिकेत टेनेसी राज्यात माऊसवर बंदी आलीच नाही. आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं, एवढंच. ज्याला हवं त्याने विकत घ्यावं. लहान गावातल्या लोकांना उगाच झोडपू नका.’

गावाला कोण झोडपतंय? पण झालं ते तरी नीट सांगा. १० जानेवारी २०२२. तिथल्या मॅकमिन काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, शाळा मंडळ, पुस्तक काढायला मतं १० विरुद्ध ०. तक्रार आठ शिव्यांची आणि एका नग्न चित्राची. ते चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांनाच माझी चीड कळेल. माऊसमध्ये ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरं. या चित्रात मात्र माणसं आहेत, कारण स्वतःच्या आईच्या आत्महत्येवर स्पिगलमनने आधी काढलेली छोटी कॉमिक त्याने तशीच आत घातलीय. टबात मरून पडलेली आई. चौकट एवढीशी. ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेल्या बाईने १९६८ मध्ये स्वतःचा जीव घेतला, आणि मंडळाला खटकलं काय, तर तिच्या अंगावर कपडे नाहीत!

पहिल्या भागाच्या शेवटी बापाने आईच्या वह्या जाळल्याचं मुलाला कळतं. तो बापाला खुनी म्हणतो. असलं पुस्तक वर्गातून काढलं आणि वर म्हणायचं, बंदी नाही.

पालक_दोन_मुलींचा
ती पोस्ट माझीच. आम्ही अमेरिकेतल्या लहान गावातच राहतो, तेव्हा ‘तुम्हाला काय कळतंय’ हे आधीच बाजूला ठेवा. मंडळ लोकांनी निवडून दिलेलं असतं. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पिको खटल्यात ज्या न्यायमूर्तींनी ‘विचार पटत नाहीत एवढ्यावरून वाचनालयातली पुस्तकं काढू नका’ म्हटलं, त्यांनीही अभ्यासक्रमाला हात लावला नाही. वाचनालयातलं पुस्तक मूल आपणहून उचलतं, वर्गात सक्ती असते. हा फरक तुम्ही सोयीने गाळता.

थोरली सहावीत असताना वर्गात युद्धाचं एक चित्र दाखवलं. तीन आठवडे ती दिवा लावून झोपली. शब्द वाचताना मूल झेपेल तेवढंच डोळ्यांसमोर आणतं, चित्र थेट अंगावर येतं. शिक्षिकेने आधी चिठ्ठी पाठवली असती तर मी मुलीशेजारी बसलो असतो. मला कुणी विचारलंच नाही.

निळी_शाई
चिठ्ठी हवी होती, मान्य. पण तुमच्या शिक्षिकेने चूक केली म्हणून अख्ख्या काउंटीतल्या आठवीला शिक्षा कशाला? आणि प्रकरण एका काउंटीपुरतं नाही. पेन अमेरिका या लेखकांच्या संस्थेने २०२२-२३ मध्ये शाळांतून पुस्तकं काढल्याच्या ३,३६२ नोंदी केल्या, पुढच्याच वर्षी १०,०४६.

पालक_दोन_मुलींचा
चौकशी चालू असताना तात्पुरती बाजूला ठेवलेली पुस्तकंही ते त्यात मोजतात. तेही लिहा ना.

जुना_वाचक
दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडताय. कॉमिक अभ्यासाला लावायचंच कशाला? ग्राफिक नॉव्हेल म्हटलं म्हणून ती कादंबरी होत नाही. तासाभरात पानं उलटून होतात. होलोकॉस्टवर उत्तम गद्य आहे, ते लावा. मी ३० वर्षं शिकवलंय. दरवर्षी मुलांचं वाचन आक्रसत गेलेलं डोळ्यांनी पाहिलंय. माऊसला १९९२ मध्ये पुलित्झर मिळालं तेसुद्धा विशेष म्हणून, कादंबरीचं नव्हे.

रात्रपाळी
तासाभरात? साहेब, तुम्ही फक्त संवादांचे फुगे वाचता, चित्रं सोडून देता.

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. गद्याचं पान पुढे आलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. अकराव्या वर्षी त्याला कॉमिक मिळालं. एका चौकटीवर बोट ठेवून बसून राहिला. मी म्हटलं, अडलं का? तर म्हणाला, ‘बाबा, हा खोटं बोलतोय. त्याचा हात बघ.’ फुग्यात ‘मी ठीक आहे’ आणि हाताची मूठ आवळलेली. याला तुम्ही वाचन म्हणणार नाही?

तुमच्यासारखीच तुच्छता १९५४ मध्येही होती. वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हटलं, अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं नाही याची नियमावली, लादून घेतला. त्या कोडवाल्यांनी वंशभेदाविरुद्धच्या एका कथेत शेवटी अंतराळवीर कृष्णवर्णीय निघतो म्हणून हरकत घेतली. मुलांच्या भल्यासाठी!

जुना_वाचक
मुलाचं कौतुक आहे, मनापासून. पण एका मुलावरून अभ्यासक्रम ठरत नाही.

रात्रपाळी
मग तुमच्या ३० वर्षांवरूनही ठरत नाही. आणि ‘साहेब’ परत घेतो. शिकवणाऱ्या माणसाने हे बोलावं याचा राग आला.

जुना_वाचक
राग मलाही आलाय. तुच्छता हा शब्द मला लागू नाही. मुठीचं उदाहरण चांगलं आहे, तेवढं मानतो. त्यापुढे नाही.

कपाट_चार
मी एका शाळेच्या वाचनालयात काम करायचे. कुठली शाळा ते राहू दे. तिथे एका चित्रकादंबरीतल्या दोन चौकटी झाकायचं ठरलं. मॅकमिनमध्येही शिव्या आणि चित्र झाकायचा प्रस्ताव होता. पुढे कॉपीराइटची अडचण निघाली आणि सगळं पुस्तकच गेलं.

आमच्याकडे मार्कर माझ्याच हातात दिला. शाई कागदातून पाझरली. मागच्या पानावर एक मुलगी आजीला पत्र वाचून दाखवते, तिचा चेहरा काळा झाला. त्याला कुणाचीच हरकत नव्हती. आठ दिवसांत मुलं ते पान खिडकीशी धरून काळ्याखाली काय दिसतं ते शोधायला लागली. बाकीची गोष्ट कुणी वाचेना. ते पुस्तक मी परत कपाटात लावलं, पण ते पान उघडायची माझी हिंमत झाली नाही.

पालक_दोन_मुलींचा
हे वाचून वाईट वाटलं. मार्करच्या बाजूने मी नाही, कधीच नव्हतो. पण मंडळाला अधिकार आहे हे माझं म्हणणं कायम आहे.

निळी_शाई
अधिकार आहे, तो मी नाकारलेलाच नाही. तो वापरताना त्यांनी त्या आईकडे पाहिलं का, एवढंच विचारतेय. आणि ‘विकत घ्या’ कुणाला सांगता? ज्या पोराला असं पुस्तक आहे हेच वर्गात कळणार होतं, ते दुकानात जाऊन काय मागणार?

पालक_दोन_मुलींचा
याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. धाकटी आठवीत आहे. पुस्तक मागवलंय. ते चित्र आधी मी बघणार, मग ती. कुठल्या पानावर आहे?

निळी_शाई
पहिला भाग, शंभराव्या पानापासून चार पानं. कडा काळ्या आहेत, मिटलेल्या पुस्तकातही सापडतील. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ती कॉमिक धरलेला एक हात काढलाय. तिला आधी तो दाखवा.