मदत हवी आहे: व्हाइटलिस्टमधूनच स्पॅम आत येतोय

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या एका वर्कशॉपचा मेल सर्व्हर नुकताच माझ्या गळ्यात पडलाय. उबुंटू २२.०४, पोस्टफिक्स (मेल नेणारा-आणणारा प्रोग्राम), स्पॅमअ‍ॅसॅसिन ३.४.६ (मेलला गुण देऊन स्पॅम गाळणारा फिल्टर). गिऱ्हाइकांच्या पर्चेस ऑर्डर जंकमध्ये जायच्या, म्हणून आधीच्या माणसाने जो ओरडेल त्याचं डोमेन फिल्टरच्या 'लोकल.सीएफ' या सेटिंग फाइलमध्ये 'व्हाइटलिस्ट_फ्रॉम'ला (बिनघोर आत सोडायच्या पत्त्यांची यादी) टाकलं. शेवटी आमचं स्वतःचं डोमेनही! आता साहेबांच्याच पत्त्यावरून अकाउंट्सच्या ताईंना "आजच या नव्या खात्यात पेमेंट करा" अशी मेल येते. हेडर असा:

एक्स-स्पॅम-स्टेटस: नो, स्कोअर=-९१.६ रिक्वायर्ड=५.० टेस्ट्स=एसपीएफ_फेल, यूआरआयबीएल_ब्लॉक्ड, यूझर_इन_व्हाइटलिस्ट वगैरे

यादी उडवली तर ऑर्डर पुन्हा अडकणार. यादी काढून स्पॅम ठरवायच्या गुणांची मर्यादा ५ ऐवजी ८ केली तर भागेल का?

खटपट्या: मर्यादेला हात लावू नका, निम्मा कचरा आत येईल. 'व्हाइटलिस्ट_फ्रॉम' फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता बघतं आणि सरळ १०० गुण वजा करतं. पत्ता काय, कोणीही काहीही लिहितो. स्वतःचं डोमेन आत्ताच्या आत्ता काढा. तुमची माणसं ५८७ पोर्टवर लॉगिन करूनच पाठवत असतील ना? मग ती मेल फिल्टरकडे पाठवूच नका, पोस्टफिक्सच्या 'मास्टर.सीएफ' फाइलमध्ये फिल्टर फक्त २५ वर (बाहेरची मेल येते ते पोर्ट) ठेवा. गिऱ्हाइकांसाठी 'व्हाइटलिस्ट_ऑथ' वापरा: एसपीएफ (त्या डोमेनने या सर्व्हरला पाठवायची परवानगी दिलीय का) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) पास झालं तरच सूट मिळते. (४.० पासून 'वेलकमलिस्ट' अशी नावं आहेत.)

रात्रपाळी: सगळे व्हाइटलिस्टच्या मागे लागलेत, पण हेडरमधलं 'यूआरआयबीएल_ब्लॉक्ड' कोणी पाहिलं का? तुमचं डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) गूगलच्या सार्वजनिक ८.८.८.८ वर असणार. तिथून जगभरचे सर्व्हर विचारतात, फुकट कोटा संपतो, म्हणून स्पॅम लिंकांची ब्लॅकलिस्ट चालवणारे खऱ्या उत्तराऐवजी नुसता नकार देतात. सर्व्हरवरच अनबाउंड (स्वतःच शोध घेणारा डीएनएस प्रोग्राम) टाका, पुढे कुणाकडे फॉरवर्ड करू नका. बेझलाही (नमुन्यांवरून स्पॅम ओळखायला शिकणारा फिल्टरचा भाग) शिकवा, स्पॅम आणि चांगल्या मेल २००-२०० झाल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. आणि 'एसए-लर्न' (त्याला शिकवायची कमांड) रूटने चालवू नका, फिल्टर ज्या यूझरखाली चालतो त्यानेच चालवा, नाहीतर भलत्याच डेटाबेसला शिकवत बसाल.

मूळ धागाकर्ता: दोघांचेही आभार. खरंच ८.८.८.८ च होतं! अनबाउंड टाकल्यावर 'ब्लॉक्ड' गेलं, साहेबांच्या नावाच्या बनावट मेल आता जंकमध्ये पडताहेत. एकच अडलंय: एका जुन्या गिऱ्हाइकाकडे एसपीएफ, डीकेआयएम, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद), काहीच नाही. ऑर्डर मात्र सर्वांत मोठी त्यांचीच.

खटपट्या: त्यांचा आयपी कायम असेल तर 'व्हाइटलिस्ट_फ्रॉम_आरसीव्हीडी' वापरा (पत्त्यासोबत मेल कुठल्या सर्व्हरवरून आली तेही बघतं), पुढे त्यांचा पत्ता आणि चौकटी कंसात आयपी. तुमचा सर्व्हर राउटरमागे असेल तर आधी 'ट्रस्टेड_नेटवर्क्स' (भरवशाच्या सर्व्हरांची यादी) नीट लावा. मग 'स्पॅमअ‍ॅसॅसिन --लिंट' (सेटिंगमधल्या चुका दाखवणारी कमांड) चालवा आणि नंतरच सर्व्हिस रीस्टार्ट करा.