‘ऊन’ या विषयावरील शिबिरात प्रयोग आणि चित्रकला एकत्र कशी आणावी?

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा) : आमच्या गावात तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी मे महिन्यात सकाळचे शिबिर घ्यायचे ठरले असून ‘ऊन’ हा एकच विषय ठेवला आहे. विज्ञानाचा तास वेगळा आणि चित्रकलेचा वेगळा असे मला करायचे नाही. घरात मिळणाऱ्या वस्तूंतून, मुलांनी स्वतःच्या हातांनी करावेत असे उपक्रम कृपया सुचवावेत.

उत्तर १ : ताई, हळदीपासून सुरुवात करा. हळदीच्या पाण्यात जाड पांढरा कागद रंगवून सावलीत वाळवावा, त्यावर कडुनिंबाची डहाळी ठेवून वर काच दाबावी आणि कागद कडक उन्हात ठेवावा. हळदीचा रंग उन्हाने उडतो, त्यामुळे उघडा भाग फिकट होतो आणि झाकलेल्या जागी पानाची करवतीसारखी कातरलेली कड पिवळीच राहते. आपल्याकडच्या मेमध्ये एक-दोन दिवस पुरावेत. नंतर साबणाच्या पाण्याचा हलका हात फिरवला की उरलेली हळद लालसर होऊन चित्र उठून दिसते, कारण साबणाचे पाणी अल्कधर्मी असते. हा बदल मुलांच्या डोळ्यांदेखत घडतो. कारण सांगण्याआधी त्यांना तर्क करू द्यावा.

उत्तर २ : शिबिर २२ मेपर्यंत लांबवता आले तर अवश्य लांबवा. यवतमाळ परिसरात त्या सुमारास दुपारी सव्वाबाराच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याआधी माध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते, नंतर काही आठवडे दक्षिणेकडे. सकाळी दर अर्ध्या तासाने अंगणात खडूने सावलीची रेघ ओढली, की त्या रेघांचा पंखाच तयार होतो. तो मुलांनी रंगवावा. दुपारचे निरीक्षण मात्र डोक्याला रुमाल बांधून पाच मिनिटांत आटोपावे आणि सूर्याकडे कोणी पाहणार नाही, याची काळजी घ्यावी.

प्रश्नकर्ती : दोघांचेही मनःपूर्वक आभार. लहान मुलांच्या हाती काच देणे मला धोक्याचे वाटते. पारदर्शक प्लास्टिकचे फोल्डर चालेल का?

उत्तर १ : चालेल, पण चारही कडांना कपड्यांचे चिमटे लावावेत, कारण वाऱ्याने पान जरा जरी सरकले तरी कड पुसट होते. डहाळीही आदल्या रात्री वहीत दाबून सपाट करून घ्यावी.