घरकामाच्या रगाड्यात विणकामाला जागा कशी करावी?

लोकरगुंडा (नाशिक)

सर्वांना नमस्कार. विणकाम मी आईकडून शिकले. लग्नानंतर काही वर्षे ते पूर्ण थांबले होते. मागच्या हिवाळ्यापासून पुन्हा सुया हातात घेतल्या आहेत आणि आता ते सोडायचे नाही, असे मनाशी पक्के ठरवले आहे. अडचण आहे ती दिवसाच्या घडीची. सकाळी नळाला पाणी येते तेव्हापासून डबे, नाश्ता आणि मुलांची शाळा यांत नऊ वाजतात. दुपारपर्यंत माझी अर्धवेळ नोकरी असते, आणि संध्याकाळी अभ्यास, स्वयंपाक व सासूसासऱ्यांची औषधे आटोपून बसावे तोवर डोळे मिटू लागतात. वेळ मिळत नाही असे मी म्हणणार नाही. मिळतो, पण तो दहा मिनिटे इथे आणि पाव तास तिथे असा तुकड्यांनी मिळतो.

सध्या सासऱ्यांसाठी गडद निळ्या लोकरीचे बिनबाह्यांचे स्वेटर सुयांवर आहे. पुढच्या भागावर वेणीचा नमुना घेतला आहे. प्रत्येक वेळी हातात घेतले की आपण कितव्या ओळीवर होतो, हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो; सापडते न सापडते तोच कुकरची शिट्टी होते किंवा दाराची घंटा वाजते. रात्री त्या निळ्या रंगात टाकेच दिसत नाहीत. निफाडचा पारा बातम्यांत येऊ लागण्याआधी हे स्वेटर त्यांच्या अंगावर असावे, अशी इच्छा आहे.

आणखी एक गोष्ट संकोचाने लिहिते. घरात माझ्या विणकामाला कोणाचाही विरोध नाही, उलट कौतुकच आहे. परंतु सुया हातात दिसल्या की मी रिकामी आहे असे सगळे गृहीत धरतात आणि एरवी स्वतः उठून घेतील अशा वस्तूही माझ्याकडे मागतात. ज्यांचे घर आणि विणकाम दोन्ही नीट चालू आहे, त्यांनी आपली घडी कशी बसवली आहे, हे कृपया सविस्तर सांगावे.

खांबसाखळी (डोंबिवली)

ताई, आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे असे मला वाटते. आपल्याकडे वेळ आहे, पण तो तुकड्यांचा आहे, आणि सुयांवर मात्र असे काम आहे ज्याला सलग वेळ लागतो. वेणीचा नमुना, मुंढ्याची घट, गळ्याचे टाके उचलणे ही सगळी डोळ्यांची कामे आहेत. त्यांत मोजावे लागते, नमुन्याचा कागद समोर ठेवावा लागतो आणि मध्येच उठले की धागा तुटतो, लोकरीचा नव्हे तर मनाचा. याउलट सरळ सुलट विणीची पट्टी, मफलर किंवा बाळाचे दुपटे ही हातांची कामे आहेत. कुठेही थांबा आणि कुठूनही सुरू करा, त्यांना फरक पडत नाही. म्हणून माझ्याकडे नेहमी दोन कामे चालू असतात आणि त्यांच्या पिशव्याही वेगळ्या असतात. हातांच्या कामाची पिशवी दिवाणखान्यात खुर्चीला टांगलेली असते आणि डोळ्यांच्या कामाची कपाटात असते. ती रविवारी दुपारी मंडळी झोपली की बाहेर निघते.

माझा प्रवास लोकलचा आहे. महिलांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या आणि भरतकाम करणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे पाहते आहे. तिथे लांब सुया चालत नाहीत, कारण शेजारणीच्या बरगडीत कोपर जाते. क्रोशाची सुई मात्र एकच असते, आखूड असते आणि सुईवर एका वेळी एखादाच टाका असल्याने गाडी हलली तरी काम निसटत नाही. बसायला जागा मिळाली तर उरलेल्या लोकरीचे छोटे चौकोन करते आणि पुरेसे साठले की घरी बसून जोडते. एका चौकोनाला आरंभ आणि शेवट असतो, त्यामुळे उतरताना काहीतरी पूर्ण झालेले हातात असते. तुकड्यांच्या वेळेत हे समाधान फार मोलाचे ठरते.

दोन सूचना तातडीच्या आहेत. गडद रंग विणताना मांडीवर पांढरा पंचा किंवा उशीचा अभ्रा पसरावा. टाक्यांच्या फटींतून पांढरे दिसू लागते आणि टाके ओळखता येतात. दुसरी सूचना अशी की कुकरच्या शिट्ट्या मोजत गॅसजवळ उभ्याने विणू नये. आपल्याकडे मिळणारी बरीचशी लोकर अ‍ॅक्रिलिकची असते आणि ती आचेने वितळते. इस्त्रीसुद्धा तिला सोसत नाही, वीण चपटी होऊन बसते.

गणितबाई (सातारा)

वरील ताईंचे म्हणणे योग्यच आहे. मी त्यात थोडी आकडेमोड घालते, कारण ‘वेळ पुरत नाही’ ही तक्रार बहुतेकदा कामाचा अंदाज न घेतल्यामुळे येते. मध्यम जाडीच्या लोकरीला 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुया घेतल्या, तर साधारणपणे 10 सेंटिमीटर रुंदीत 22 टाके आणि 10 सेंटिमीटर उंचीत 28 ओळी बसतात. (आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते, 10 नंबरची सुई 3.25 मिलिमीटरची असते. नव्याने शिकणाऱ्या मुली इथे हमखास गोंधळतात.) लहान मुलाच्या स्वेटरची पाठ 30 सेंटिमीटर रुंद आणि 35 सेंटिमीटर उंच धरली, तर सुईवर 66 टाके येतात आणि सुमारे 98 ओळी विणाव्या लागतात. मिनिटाला वीस-बावीस टाके हा सवयीच्या हाताचा वेग धरला, तर एका ओळीला तीन मिनिटे लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या बैठकीत तीन ओळी होतात आणि स्वेटर जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. रोज अशा दोन बैठका झाल्या तर एक पाठ अडीच आठवड्यांत उतरते. मोठ्या माणसाच्या स्वेटरला टाकेही अधिक आणि ओळीही अधिक, आणि वेणी असेल तर वेग आणखी कमी होतो. हा हिशोब एकदा कागदावर मांडला की हुरहूर उरत नाही. आज किती होणार हे आधीच ठाऊक असते.

दुसरा हिशोब पंचांगाचा आहे. थंडीचे विणकाम दिवाळीनंतर सुरू करणाऱ्या बायकांचे स्वेटर होळीला पूर्ण होते, हे मी माझ्या शेजारात दरवर्षी पाहते. श्रावणात उपासतापास आणि पाहुणे, मग गणपती आणि गौरी, नवरात्रात साफसफाई आणि घट, आणि लगेच फराळाची धामधूम असते. या सगळ्याच्या मध्ये पितृपंधरवडा येतो. त्या दिवसांत घरात मंगलकार्ये नसतात, खरेदी नसते आणि एक पक्षाचा दिवस सोडला तर पाहुण्यांची वर्दळही बेताची असते. पाठ आणि पुढचा भाग मी त्याच पंधरवड्यात मार्गी लावते. दिवाळीनंतर फक्त गळा, मुंढ्याच्या पट्ट्या आणि शिवण एवढेच काम उरते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी विणलेले वाण द्यायचे असेल, तर ते मात्र उन्हाळ्याच्या सुटीतच सुती धाग्यात करून ठेवावे. जानेवारीत त्याच्या नादी लागू नये.

समुद्रकाठ (रत्नागिरी)

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. वरच्या दोन्ही उत्तरांत व्यवहार चोख आहे, परंतु त्यांत विणकामाला उरलेला वेळच दिला आहे. तो फक्त अधिक हुशारीने वापरला आहे. माझ्या मते दिवसातला एक ठरावीक वेळ विणकामाचा असावा, तो घरातल्या सगळ्यांना माहीत असावा आणि त्या वेळी कपड्यांच्या घड्या पडून राहिल्या तर राहू द्याव्यात. आमच्याकडे दुपारचा चहा झाला की ओटीवरच्या खुर्चीत मी असते, आणि तेवढ्या वेळात कोणी पाणी मागितले तर माठ कुठे आहे ते सांगते. सुरुवातीला कुरबुर झाली, मग सवय झाली. ताई, आपण संकोचाने लिहिलेला भाग हाच खरा प्रश्न आहे आणि त्याला पिशव्यांचे उत्तर पुरणार नाही.

हातांचे काम आणि डोळ्यांचे काम हा भेद मात्र मला पूर्ण पटतो. आपल्या आज्यापणज्या जात्यावर बसत तेव्हा हात गुंतलेले असत आणि कंठ मोकळा असे, म्हणून तर त्या दळणातून ओव्या निघाल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे अनेकांना ठाऊक असेल. रोजच्या कामातही निर्मिती असते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? पण म्हणून जात्याचे गोडवे गाऊ नयेत. त्या पहाटे उठून दळत होत्या ते घराला पीठ हवे होते म्हणून, गायला वेळ मिळावा म्हणून नव्हे. आपल्याला पीठ दळावे लागत नाही. तो वाचलेला वेळ कुठे गेला, हे प्रत्येकीने आपल्या घरात एकदा शोधून पाहावे.

कोकणातल्या मैत्रिणींसाठी एक माहिती देते. पावसाळ्यात हात घामेजतात आणि अ‍ॅक्रिलिक लोकर सुईवर चिकटून सरकेनाशी होते. त्या चार महिन्यांत मी सुती धाग्याकडे वळते. अस्सल लोकरीचे गुंडे मात्र कोरडे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि उघाड पडली की उन्हे दाखवावीत, नाहीतर कसर लागते.

लोकरगुंडा (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. कालच सासऱ्यांसाठीचे काम कपाटात ठेवले आणि मुलीच्या मफलरचे टाके घातले; तो खुर्चीला टांगला आहे. ठरावीक वेळेचे म्हणणे पटते, पण आमच्या घरी एकदम तसे जमेल असे वाटत नाही. सासूबाईंना स्वतःला विणकाम येते, परंतु गुडघ्यांपेक्षाही बोटे अधिक दुखत असल्याने त्या आता विणत नाहीत, आणि मी विणते तेव्हा त्यांना एकटे वाटत असावे, असा मला संशय आहे. शिवाय वेणीच्या ओळींची खूण कशी ठेवावी, हे कोणी सांगू शकेल का? रविवारपासून रविवारपर्यंत ते माझ्या लक्षात राहत नाही.

सुलटउलट (नागपूर)

मी निवृत्त शिक्षक आहे आणि विणतो. पुरुष विणतो म्हणून आमच्याकडे येणारे पाहुणे अजूनही दोनदा पाहतात. पण मी सुया हातात घेतल्या की घरात कोणीही मला रिकामा समजत नाही. ‘त्यांचे काम चालले आहे’ असे हळू आवाजात सांगितले जाते. आपल्या तक्रारीचे मूळ यातच आहे, हे इथे पुरुषाने लिहावे म्हणून लिहितो. ठरावीक वेळ एकदम जमणार नसेल, तर निदान संध्याकाळची औषधे देण्याचे काम यजमानांकडे सोपवावे. वेळ अर्ध्या तासाचाच मिळेल, पण तो सलग असेल आणि डोळे मिटण्याच्या आधीचा असेल.

सासूबाईंसाठी एक काम सुचवतो. घरात जुनी स्वेटरे असतीलच. ती उसवून लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवून काढावी आणि खाली हलके वजन लावून सावलीत टांगावी. उसवलेल्या लोकरीचे कुरळेपण त्याने बरेच जाते. पुढे त्या लडीचा गुंडा करायला दोन माणसे लागतात, एकाने दोन्ही हातांवर लडी धरायची आणि दुसऱ्याने गुंडाळायचे. लडी धरायला बोटे वाकवावी लागत नाहीत, आणि समोरासमोर बसल्यावर बोलणे आपोआप होते. नातवंडांना हे काम सांगितले तर ती भांडून घेतात.

आता वेणीविषयी. ज्या ओळीत टाके ओलांडून वेणी घातली, त्या ओळीच्या एका टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा आणि प्रत्येक नव्या वेणीला नवा तुकडा लावावा. पुन्हा काम हातात घेतल्यावर शेवटच्या तुकड्यापासून वरच्या ओळी मोजल्या की झाले. मागचे काहीही लक्षात ठेवावे लागत नाही. काम कपाटात ठेवण्यापूर्वी बोथट सुईत गुळगुळीत पांढरा सुती दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार काढून ठेवावा. पुढे चुकून उसवावे लागलेच, तर वीण त्या दोऱ्याशी थांबते आणि एकही टाका सुटत नाही. दोरा केसाळ घेऊ नये, त्याचे तंतू लोकरीत अडकून राहतात.

शक्य असेल तर हे स्वेटर गोल सुईवर उतरवून घ्यावे. गोल सुईवर सपाट वीणही करता येते. सगळे टाके मधल्या लवचिक दोरीवर सरकवून ठेवले की दाराची घंटा वाजल्यावर काम तसेच खाली टाकून उठता येते, आणि स्वेटरचे वजन मनगटांवर न येता मांडीवर राहते. सुईचा क्रमांक मात्र आत्ता वापरता तोच घ्यावा, नाहीतर मध्येच वीण सैल किंवा घट्ट होऊन तिथे आडवी रेघ दिसेल.