जुन्या सागाची सहा फुटी फळी प्लायच्या खोक्यावर कशी बसवावी?

ओसरीवरचा (प्रश्न)

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या जुन्या घराची पडवी गेल्या वर्षी उतरवली, तेव्हा निघालेल्या सागाच्या दोन तुळया वखारीत चिरून मी ठाण्याला आणल्या. रंधा मारल्यावर 22 मिमी जाड आणि पाच इंच रुंद अशा फळ्या मिळाल्या आहेत. त्यांतून हॉलच्या भिंतीलगत सहा फूट लांब, दीड फूट खोल आणि अडीच फूट उंच असे बैठे कपाट, म्हणजे हल्ली दुकानदार ज्याला क्रेडेन्झा म्हणतात ते, सुट्टीच्या दिवशी स्वतः करण्याचा विचार आहे. खोका 18 मिमी बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचा, दारांच्या चौकटी सागाच्या आणि त्यांत वेताची जाळी, तर वरची फळी चार फळ्या कडेला कड चिकटवून केलेली, असा बेत आहे.

मिस्त्रींचे म्हणणे असे की वरची फळी प्लायवर सरसकट फेव्हिकॉल लावून वरून दाबून टाकावी. मी मात्र साशंक आहे, कारण दोन वर्षांपूर्वी याच पद्धतीने केलेला माझा टीपॉय मे महिन्यातल्या एका दुपारी बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज करून मधोमध उकलला. आत वडिलांच्या नाट्यसंगीताच्या सुमारे दीडशे एलपी (ग्रामोफोनच्या तबकड्या) आणि सेट टॉप बॉक्स ठेवायचा आहे. शिवाय घरच्यांना भीती आहे की एवढे लांब कपाट बँकेच्या काउंटरसारखे दिसेल. त्यावर काय मांडावे, हेही जाणकारांनी सांगावे.

रंधा-पटाशी

आपली शंका रास्त आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, परंतु रुंदीत ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे तो मात्र जागचा हलत नाही. साग इतर लाकडांच्या मानाने पुष्कळ शांत आहे, तरीही दीड फूट रुंदीच्या फळीत पावसाळा आणि कोरडा उन्हाळा यांत तीन-चार मिलिमीटरचा फरक पडू शकतो, आणि हॉलमध्ये एसी चालत असेल तर तो गृहीतच धरावा. खाली सरसकट चिकटवलेल्या फळीला आकसायला वाव मिळत नाही, म्हणून ती सर्वांत कच्च्या जागी उकलते. आपल्या टीपॉयचे नेमके हेच झाले असावे.

म्हणून वरच्या फळीला खालून गोंद अजिबात लावू नये. ती खोक्याच्या आतून स्क्रूने धरावी. पुढच्या कडेजवळची भोके स्क्रूच्या मापाची गोल ठेवावीत आणि मागच्या ओळीतली भोके पुढून मागे अशी लांबट करून स्क्रूखाली वॉशर घालावा. त्यामुळे समोरची कड दारांशी कायम जुळलेली राहते आणि सगळी हालचाल भिंतीकडे, कोणाच्या नजरेस न पडता होते. स्क्रू 35 मिमीचा पुरे. प्लाय 18 आणि फळी 22 म्हणजे एकूण 40 होतात, तेव्हा 40 मिमीचा स्क्रू घेतलात तर त्याचे टोक वरच्या पॉलिशमधून डोकावेल. (माझे डोकावले होते. आज तिथे फुलदाणी आहे.)

फळ्या एकमेकींना कडेने चिकटवण्यास मात्र हरकत नाही, कारण त्या एकाच दिशेने हलतात. सागात अंगचे तेल असते, म्हणून कडांवर ताजा रंधा मारावा, थिनरने पुसावे आणि तो उडताच गोंद लावून क्लँप आवळावेत; आदल्या दिवशी रंधलेली कड दुसऱ्या दिवशी चिकटवू नये. जुन्या तुळयांत मोडलेले खिळे हमखास असतात, त्यामुळे पाते लावण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवावा. तुळई शंभर वर्षांची असली तरी चिरल्यावर तिचा गाभा प्रथमच उघडा पडलेला असतो. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून थप्पी त्याच हॉलमध्ये काही आठवडे राहू द्यावी.

तबकडीवाला

वरच्या फळीची चर्चा झाली. मला एलपींच्या वजनाची काळजी वाटते. वेष्टनासकट एक तबकडी पाव किलोच्या आसपास धरली, तर दीडशेंचे वजन पस्तीस किलोंच्या पुढे जाते. सहा फुटांत केवळ एक उभी फळी दिलीत तर तीन फुटांचा तळ दोन-तीन वर्षांत निश्चित झोळ देईल. एलपींच्या बाजूला दर फुटावर उभा कप्पा करावा, म्हणजे तबकड्या तिरप्या कलून वाकणारही नाहीत. वेष्टन साधारण साडेबारा इंचांचे असते, तेव्हा कप्प्याची आतली उंची साडेतेरा इंच ठेवावी, अन्यथा तबकडी काढताना बोटे वर घासतात. चार पायांखेरीज मध्ये पाचवा पाय द्यावा. तो पुढच्या कडेपासून तीन-चार इंच आत घेतला की दिसत नाही.

माजघर

बँकेचा काउंटर दिसतो तो लांबीमुळे नव्हे, तर कपाट जमिनीपर्यंत बंद असल्यामुळे. सहा इंचांचे पाय देऊन खालची फरशी दिसू द्या, म्हणजे तेच कपाट हलके वाटेल आणि झाडूही फिरेल. वर तीनच वस्तू ठेवाव्यात, त्याही एका टोकाला: उंच दिवा, एखादे पितळी घंगाळ आणि काहीतरी बुटके. मधला भाग रिकामा असावा. भिंतीवरची तसबीर फळीपासून सहा-आठ इंचांवर टांगावी. छताजवळ टांगली की दोहोंचा संबंध तुटतो. समई ठेवणार असाल तर खाली ताम्हण हवेच, कारण तेलाचा डाग सागात मुरतो.

लाखेचे फ्रेंच पॉलिश सागावर देखणे दिसते, परंतु गरम चहाच्या कपाने त्यावर पांढरे वर्तुळ उमटते. म्हणून दारांना लाख आणि वरच्या फळीला मॅट पीयू (पॉलियुरेथेनचे बिनचकाकीचे पॉलिश), असे मी सुचवेन. पीयूच्या आधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यावा. सागाच्या तेलामुळे पीयू चिकट राहण्याचा धोका त्याने टळतो. फळीला वरून आणि खालून सारखेच हात द्यावेत, नाहीतर ती एका बाजूने ओल पिऊन वाकते.

ओसरीवरचा

सर्वांचे मनापासून आभार. मिस्त्रींना लांबट भोकांचे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "साग हलत नाही, साहेब." त्यांना टीपॉय दाखवला. चिरेत त्यांनी स्वतःच्या खिशातले दहाचे नाणे उभे घालून पाहिले आणि मग काही बोलले नाहीत. एकच विचारायचे राहिले: वेताची जाळी ताणून कशी बसवावी?

रंधा-पटाशी

ती अर्धा तास पाण्यात भिजवून ओली असतानाच चौकटीच्या खाचेत वेताच्या पट्टीने दाबून बसवावी. वाळताना ती आपोआप ताणली जाते. चौकटीचे पॉलिश आधी करून घ्यावे. आणि दारे खोक्याच्या आत बसणारी असतील, तर चारही बाजूंनी तीन मिमी फट ठेवा, म्हणजे जुलैत ती अडकणार नाहीत. सेट टॉप बॉक्स मात्र जाळीच्या दारामागेच ठेवा. रिमोट तिथून चालतो आणि त्याला हवाही मिळते.