घरातलं जनावर जातं तेव्हा मुलांना कसं सांभाळलंत? अनुभव लिहा

आमच्या सुलतान कुत्र्याची किडनी निकामी होत चाललीय. सारखं पाणी पितो, जेवण टाकलंय, मागचे पाय लटपटतात. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. थोरली आठ वर्षांची. ती काही विचारत नाही, शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून त्याच्याजवळ बसते. चार वर्षांचा धाकटा मात्र रोज विचारतो, "सलाईन लावल्यावर बरा होणार न्हवं?" तुमच्याकडं पोरं यातून कशी गेली, ते लिहा.
(राजारामपुरी)

मोत्या गेला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोराला सांग, गावाला सोडलंय." मी नाही म्हटलं. गाव कागलजवळ, सुट्टीत गेल्यावर पोरगं प्रत्येक गोठ्यात त्याला शोधत फिरलं असतं. सरळ सांगितलं, मोत्या मेला, परत येणार नाही, आता त्याला काही दुखत नाही. पाच वर्षांचा लेक ऐकून खेळायला गेला. संध्याकाळी परत, "मग उद्या येईल?" या वयात मरण कायमचं असतं हे उमगत नाही, म्हणून तेच उत्तर न चिडता पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. आणि कधीकधी सगळं विसरून हसतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.
(शिवाजी पेठ)

जुलीला फार त्रास व्हायला लागला, शेवटी इंजेक्शन द्यायचं ठरलं. बारा वर्षांच्या मुलीला जवळ थांबायचं होतं. डॉक्टरांनी आधीच समजावलं: पहिल्यांदा गुंगीचं औषध, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. श्वास थांबतो, हृदय थांबतं, डोळे उघडे राहू शकतात, अंग एखाद्या वेळी थरथरतं, पण जुलीला ते कळणार नाही. माहीत होतं म्हणून पोरगी डगमगली नाही. शेवटपर्यंत कानामागं खाजवत राहिली.
(कसबा बावडा)

आम्ही म्हशीवाले. जनावरं मरताना बघितलेल्या पोरांना काही वाटत नाही, असा लोकांचा समज आहे. आमची म्हातारी म्हैस गेली तर दिवाळी पाडव्याला तिच्या शिंगांना बांधायचं मोरपीस धाकट्यानं दप्तरात ठेवलं. डबा तसाच परत यायचा. शाळेत बाईंच्या कानावर घातलं, त्यांनी त्याला सांभाळून घेतलं.
(गंगावेश)

राजारामपुरीच्या ताई, थोरलीला काम द्या. पाण्याचं भांडं भरू दे, फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून पोती अंथरू दे. तिला बोलायचं असेल तर ते काम करताना बोलेल. धाकट्याला आत्ताच सांगा, सलाईननं बरं वाटेल, पण आजार जाणार नाही. दुसरं पिल्लू लगेच आणू नका, पोरं मागतील तेव्हा बघा. आणि पुरायची जागा आधीच ठरवा. अंगण नसेल तर मळेवाल्या पाहुण्यांना विचारून ठेवा. खड्डा कमरेइतका खोल घ्या, वर जड दगड ठेवा. नाहीतर भटकी कुत्री उकरतात, आणि ते पोरांच्या नजरेला पडायला नको.
(उचगाव)