मदत हवी आहे : एकनाड आणि पत्रिकेचा उगम

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीची. भाचीचं ठरत आलेलं लग्न एकनाडीवर (पत्रिकेप्रमाणे मुलगा-मुलगी दोघांची नाडी एकच) अडलंय. ३६ पैकी २६ गुण जुळतात, पण नाडीच्या ८ गुणांपुढे शून्य, त्याभोवती लाल पेनाने गोल! मुलं एकमेकांना मनापासून पसंत आहेत हो.

लगधाच्या वेदांगज्योतिषात (आपला प्राचीन कालगणनेचा ग्रंथ) राशी नाहीतच. जन्मपत्रिका ग्रीकांशी संपर्क आल्यावर रुजली, हे वाचलंय. नारळीकर, दाभोलकर वगैरेंनी पुण्यात घेतलेली चाचणीही (निष्कर्ष २००९) माहीत आहे : पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद ते ओळखायचं होतं; २७ ज्योतिषी, अचूक उत्तरं ४६ टक्के. नाणेफेकीएवढीच.

पण गुणमेलन, त्यातही नाडी, कोणत्या ग्रंथातून आली? ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयात मिळेल असं पुस्तक सुचवाल? मुलाच्या आजी वाचायला तयार आहेत, पण त्यांना मराठीतच हवंय. जरा लवकर सांगा.